पहिला तांब्या

"आज अंघोळ कशानं केलीत?"

नोकरीच्या मुलाखतीत, तेही एका विशीतल्या मुलीला, कुणी असं विचारेल याची मी तयारी केली नव्हती. आयटीआयचं सर्टिफिकेट छातीशी धरून मी उभी होते आणि साहेब सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडच्या पायरीवर भर उन्हात बसले होते. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, बाह्या वर केलेला पांढरा सदरा आणि पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला. मला आधी वाटलं, हे वॉचमन असतील. मी खाली बघत म्हटलं, "बंबातल्या पाण्यानं."

"बंबात काय घालता?"

"लाकडं."

"फोडतं कोण?"

"आई."

"म्हणजे आईचा खांदा जाळून तुम्ही अंघोळ करता," साहेब म्हणाले. "उद्यापासून या कामाला."

सर्टिफिकेट त्यांनी बघितलंच नाही. तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं! ते त्यांनी बघायला हवं होतं, हे कळायला पुढे बराच काळ गेला.

आम्ही सोलर बनवायचो. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये सोलर म्हणजे गच्चीवर बसवायचा, पाणी तापवायचा संच. काळा पत्रा, त्याला चिकटलेल्या तांब्याच्या नळ्या, वर काच आणि शेजारी टाकी. नळीला नळी टॉर्चच्या ज्योतीनं जोडायची, त्याला ब्रेझिंग म्हणतात आणि ते माझं काम होतं. जोडून झालेल्या पॅनेलमध्ये हवा भरायची आणि ते पाण्याच्या हौदात बुडवायचं. बुडबुडा आला की जॉइंट गळका. मग पुन्हा जोडा.

साहेबांच्या तऱ्हा सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. दुपारी जेवणाचा भोंगा झाला की ते पंचा गुंडाळून शेडच्या छपरावर चढत आणि आमच्याच सोलरच्या पाण्यानं अंघोळ करत. शेजारच्या कारखान्यातली माणसं डबे घेऊन ते बघायला बाहेर येऊन बसत. चहा व्हायचा सूर्यचुलीवर. सकाळी ठेवलेला चहा जेवायच्या सुमाराला हातात यायचा आणि त्याला पालेभाजीचा वास यायचा. आभाळ भरून आलं की साहेबांचं तोंड कडू होई, आणि पावसाळ्यात तर त्यांच्याशी बोलायची सोय नसे. मीटिंग अंगणात, उन्हात. "ज्याच्या जिवावर खातो त्याला पाठ दाखवायची नाही," असं म्हणून ते आम्हाला सूर्याकडे तोंड करून उभं करत, आणि आम्ही डोळे किलकिले करून ऐकत असू. बोलताना सगळ्यांना 'तुम्ही'. शेडमध्ये एक लंगडी कुत्री यायची, तिलासुद्धा "या, बसा, पाणी घेता का?"

पण नुसता विक्षिप्तपणा असता तर मी हे लिहायला बसलेच नसते. आमच्या ओळीतल्या कारखान्यांत त्या काळी बाई दिसायची ती झाडताना नाही तर पॅकिंगला. साहेबांनी माझ्या हातात पहिल्याच आठवड्यात टॉर्च दिली. हजेरीपटावर आडनाव लिहायचं नाही, फक्त नाव, हा त्यांचा नियम. बायकांसाठी संडास-बाथरूम बांधलं ते ऑफिसच्या आधी. त्यामुळे साहेबांचं टेबल पुढे कितीतरी दिवस पत्र्याच्या वळचणीला उघड्यावर होतं. आणि गिऱ्हाइकाला एक अट असायची. एक गरम पाण्याचा नळ घराबाहेर काढायचा, धुण्याच्या दगडापाशी, भांडी घासणाऱ्या बाईसाठी. "मालकिणीला कढत पाणी आणि बाईच्या बोटांना भेगा, असला सूर्य मी विकत नाही!" कुणी नको म्हटलं तर साहेब पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठत. मग घरचे त्यांच्यामागे फाटकापर्यंत पळत येत.

असा हा माणूस. आणि आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज आणली ती ह्याच माणसानं.

पाहुणे आले की साहेबांच्या अंगात यायचं. पाहुणे सारखे येत. कॉलेजची मुलं, बँकेचे साहेब, कधी मुंबईच्या संस्था. साहेब त्यांना आधी सोलर दाखवत नसत, आम्हाला दाखवत. "हे रामदास. सिन्नरचे, माळी. ह्या मंगलताई, पेठच्या डोंगरातल्या, कोकणा आदिवासी, पाणी गरम राहावं म्हणून टाकीला ग्लासवूल गुंडाळतात. आणि ह्या!" माझ्यापाशी आले की आवाज चढायचा. "ह्या बौद्ध समाजातल्या. त्यात मुलगी. आणि काम? ब्रेझिंग! ताई, जरा चष्मा वर करा."

मी ब्रेझिंगचा काळा चष्मा वर करायची. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत, "वा वा" म्हणत. हाताखाली नुकताच जोडलेला जॉइंट लाल तापलेला असायचा, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसायचं. साहेब तर इतके खूश, की जणू मला त्यांनीच शेडमध्ये लावून, पाणी घालून वाढवलं होतं.

"आमच्याकडं बैल घ्यायला आलं म्हंजी तोंड उघडून दात बघतात," मंगलताई म्हणायची. "तू चष्मा कशाला काढतीस गं? दातच दाखव ना."

ती पोट धरून हसायची. मीही हसायची, पण माझे कान तापलेले असायचे. कशाची लाज वाटते हे मला धड सांगता येत नव्हतं आणि त्याची आणखी लाज वाटायची. जातीची लाज? छे. आमच्या घरी पौर्णिमेला वंदना व्हायची, वडील रेल्वेत होते, नाशिकरोडच्या कॉलनीत ताठ मानेनं राहायचे. मी कामाला लागले तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं. "कुणी विचारलं तर सांगायचं. लपवायचं नाही." पण न विचारता दुसराच कुणी आपल्याबद्दल सांगत सुटला तर काय करायचं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. मग मी चष्मा वर करायची.

साहेबांची आणखी एक रीत होती, पहिल्या तांब्याची. सोलर बसवला की दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यानं त्याचे जॉइंट जोडले त्यानं गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. बाहेरच्या त्या नळातून गरम पाण्याचा तांब्या भरायचा आणि घरमालकाच्या हातांवर ओतायचा. साहेब शेजारी उभे राहून टाळ्या वाजवणार. लोकांना मोठी मौज वाटायची. मलाही आवडायचं. आपण जोडलेल्या नळ्यांतून वाफाळतं पाणी कुणाच्या हातावर पडताना बघणं, यापेक्षा आमच्या कामाला मोठी पावती नव्हती.

गंगापूर रोडला एका निवृत्त प्राध्यापकांचा बंगला होता. तिथला पहिला तांब्या माझा. मी भरून उभी राहिले, प्राध्यापकांनी हसत ओंजळ पुढे केली, आणि साहेबांना राहवलं नाही. "सर, आज तुमच्या हातावर पाणी घालतेय एक बौद्ध मुलगी! केवढा योग!"

ओंजळ एवढीशी मागे गेली. फार नाही, दोन बोटं. प्राध्यापकांनी साहेबांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि हात पुन्हा पुढे केले. "हो हो, आनंदच आहे," ते म्हणाले. मी पाणी ओतलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर येऊन स्कूटरला किक मारताना ते म्हणाले, "जिंकलो आपण, ताई!"

नळ आवळायला नेलेला माझा पाना आतच राहिला होता. आणते म्हणून मी फाटकापर्यंत गेले. प्राध्यापकांच्या पत्नी धुण्याच्या दगडापाशी ओणव्या होऊन नळ घासत होत्या. हातात चिंचेचा गोळा. नळ पितळी होता, पण नवाकोरा, आदल्या दिवशीच बसवलेला. दगडावर ठेवलेला माझा पाना त्यांनी चिंधीनं धरून बाजूला सारला. त्यांनी मला बघितलं नाही. मी तशीच परत फिरले.

"पाना कुठे?"

"हरवला," मी म्हणाले.

सातपूर येईपर्यंत साहेब मला हत्यारं जपण्यावर व्याख्यान देत होते. घरी आईला नाही, मंगलताईला नाही, कुणालाच मी ते सांगितलं नाही. नळ घासला त्यांनी, आणि तोंड लपवत होते मी. हे आजही आठवलं की चीड येते, आणि चिडीच्या खाली लाज असतेच.

त्याच वर्षी आमच्या ब्रेझिंगचे जुने इनचार्ज मुलाकडे पुण्याला जायला निघाले. त्यांच्या जागी कोण, तर एक रामदास आणि एक मी. रामदास माझ्याहून जुना. सिन्नरहून जीपला लटकत यायचा, कामाला वाघ, पण घाई फार. त्याची पॅनेलं हौदात अधूनमधून बुडबुडायची. माझी नाही. ती जागा मला हवी होती. किती हवी होती ते सांगायचं तर, मी घरी आरशासमोर उभी राहून "रामदासभाऊ, हा जॉइंट पुन्हा घ्या" असं न चिडता म्हणायची तालीम करायची. पगारापेक्षा मला ते हवं होतं, की माझ्या हाताला कुणीतरी चांगला हात म्हणावं.

तेवढ्यात मुंबईच्या एका संस्थेचे पाहुणे आले. अपारंपरिक ऊर्जेच्या नव्या कारखान्यांत कामावर कोणाकोणाला घेतात, बायकांना काय काम देतात, हे ते बघत हिंडत होते. म्हणजे साहेबांच्या तर मनातलेच पाहुणे. आम्हाला अंगणात उन्हात उभं केलं. साहेब खोक्यावर चढले.

"आजपासून ब्रेझिंगच्या इनचार्ज ह्या!" त्यांनी माझ्याकडे हात केला. माझं काळीज एकदम वर आलं. "का? कारण ह्या बौद्ध समाजातल्या आहेत. कारण ह्या स्त्री आहेत. शतकानुशतकं ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांच्या हातात आज आम्ही पाण्याचा कारखाना देतोय!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रामदासकडे बघितलं. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल. पण त्याचा चेहरा सैल पडला होता, ओझं उतरल्यासारखा. हरण्याचं कारण त्याला मिळालं होतं, आणि त्यात त्याच्या गळक्या जॉइंटचा कुठे संबंध नव्हता. माझ्या न गळक्यांचाही नव्हता.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "साहेब, माझे जॉइंट किती गळले, ते सांगा ना पाहुण्यांना."

साहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आमच्या प्रत्येकाचा तालुका, जात, आईची भाषा, कुणाच्या घरी कोणता देव, सगळं त्यांना पाठ होतं. हे मात्र माहीत नव्हतं. मग ते मोठ्यानं हसले. "बघितलंत? हजरजबाबीपणा बघितलात? ही ह्या समाजाची धार आहे!"

पाहुणे आणखी खूश झाले. एका बाईंनी माझा हात हातात घेतला. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं.

पाहुणे गेल्यावर रामदास टॉर्च बंद करत म्हणाला, "घ्या. आता तुमचंच राज हाय, ताई. आम्ही काय, कोन्या समाजाचे नाय ना." तो वाईट माणूस नव्हता.

सुट्टी झाली, माणसं गेली. मी डबा घ्यायला मागे गेले तर साहेब हौदापाशी उकिडवे बसलेले. सदरा कोपरापर्यंत भिजलेला. भिंतीला लावून ठेवलेली माझी पॅनेलं त्यांनी एकेक करून हौदात घातली होती आणि पाण्याला नाक लावून बुडबुडा शोधत होते. पाणी स्थिर होतं. त्यात त्यांची ती कागदी टोपी दिसत होती.

"एकसुद्धा नाही हो," ते म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं. "मी हे कधी बघितलंच नाही."

मी माझा डबा उचलला.

"मी चुकीचं काय सांगतो, ताई? खरं तेच सांगतो ना? जगाला कळायला नको?"

तेव्हा मात्र बांध फुटला. पाना हरवला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं. तो कुठे आहे ते सांगितलं. नवा नळ, चिंचेचा गोळा, चिंधी, सगळं. "तुम्ही टाळ्या वाजवून स्कूटरवर बसता साहेब," मी म्हणाले. "मागं काय होतं ते मी बघते."

साहेबांनी हौदातले हात बाहेर काढले. मग त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "मग मी तुमच्याबद्दल काय सांगायचं?"

"काम सांगा."

दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले. येऊन माझ्या बाकावर माझा पाना ठेवला. त्याच्या शेजारी एक पितळी नळ ठेवला, लखलखीत. गंगापूर रोडला जाऊन त्यांनी तो सोडवला होता आणि भिंतीतल्या भोकाला बूच मारून आले होते! तिथं काय बोलले, कसे बोलले, देव जाणे. मला अभिमान वाटायला हवा होता. पण मनात पहिलं आलं ते हे, की आता त्या घरात आठवडाभर माझाच विषय असणार.

मग साहेबांनी घसा साफ केला. कुणी आसपास नाही हे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "इनचार्ज व्हाल का?"

"कशासाठी?"

"जॉइंटसाठी."

मी झाले. पण बोललेलं हौदातून पुन्हा काढून नव्यानं जोडता येत नाही. मी होते तोवर पाठीमागे 'कोट्यातली इनचार्ज' हेच माझं नाव राहिलं. रामदासला जॉइंट पुन्हा घ्या म्हणताना, इतकी तालीम करूनही, माझा आवाज दर वेळी पडायचा.

साहेबांचंही काहीतरी मोडलं. पाहुणे आले की माझ्या बाकापाशी थांबत, तोंड उघडत, मिटत. शेवटी म्हणत, "ह्या जोडतात. गळत नाही." आणि पुढे जात. मग पाहुणेच मागे रेंगाळून मला विचारत, "तुमचं आडनाव काय हो?" साहेब तेव्हा छपराकडे बघत उभे असत. त्या धो धो बोलणाऱ्या माणसाला मी मुकं केलं, असंही मला कधीकधी वाटायचं. तो पितळी नळ त्यांनी टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवला होता. कुणी विचारलं तर सांगत नसत.

नवं शतक लागलं, बाहेरच्या देशातून काचेच्या नळ्यांचे स्वस्त संच आले, आमची शेड बंद पडली. मंगलताई गावी गेली. मी सोलर दुरुस्तीचं माझं स्वतःचं काम सुरू केलं. स्कूटीवर शिडी बांधून नाशिकभर हिंडू लागले. काही वर्षांनी साहेबांच्या सुनेचा फोन आला. घरचाच सोलर बिघडला होता.

साहेब पार वाकले होते. डोळ्यांनी अंधूक दिसायचं. मला आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "आज अंघोळ कशानं केलीत?"

"माझ्याच सोलरनं," मी म्हणाले. ते गदगदा हसले.

जुनं पॅनेल काढून मी नवं बसवलं, सगळे जॉइंट माझ्या हातचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तांब्यासाठी गेले. धुण्याच्या दगडाशी स्टुलावर बसून साहेबांनी ओंजळ पुढे केली. शेजारी सून होती आणि चार दिवस राहायला आलेली तिची आई. मी तांब्या भरला तेवढ्यात त्या माउलीनं अगदी सहज, गोड आवाजात विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?"

साहेबांनी चटकन मान वर केली. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतात. पण त्यांनी ओठ मिटले आणि मान खाली घातली. मी काय सांगते, सांगते की नाही, याची ते वाट बघत होते.

वडिलांनी सांगितलं होतं, "विचारलं तर सांगायचं." मी आडनाव सांगितलं. "बौद्ध आहोत आम्ही," म्हणाले, आणि साहेबांच्या हातांवर पाणी ओतलं. पाणी कढत होतं. आवाज पडला नाही. कान मात्र तापलेच.

"अस्सं," विहीणबाई म्हणाल्या.

मी सामान आवरलं, निघाले. फाटक लावताना मान आपोआप मागे वळली. मला ती खोडच लागली आहे, कुठल्याही घरातून निघताना मी नळाकडे बघते. विहीणबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात काही होतं की नव्हतं, मला दिसलं नाही. साहेबांनी स्टूल आणखी पुढे ओढलं होतं आणि ओल्या हातांनी नळ धरून ते बसले होते.

"अहो बाबा, ऊन आलं तिथं, आत चला," सून म्हणत होती.

साहेब हलले नाहीत.